घरच्या बागेत बुरशीनाशक: पाकीट फोडण्याआधी आणि फोडल्यानंतर

पुण्याचा जुलै-ऑगस्टमधला पाऊस घाटमाथ्यासारखा कोसळत नाही, पण दिवसचे दिवस भुरभुरत राहतो, आणि बुरशीला हीच भुरभुर मानवते. पान रात्रभर ओले राहते, ऊन पडत नाही, आणि मग एखाद्या सकाळी टोमॅटोच्या खालच्या पानांवर लाकडाच्या कापासारखी वर्तुळे असलेले तपकिरी ठिपके दिसू लागतात. अशा वेळी बहुतेक जण जवळच्या दुकानातून एखादी पावडर आणतात, त्यातली चमचाभर पूड पाण्यात ढवळतात आणि सगळ्या कुंड्यांवर सरसकट मारून मोकळे होतात. कोथरूडमधल्या आमच्या गच्चीवर सुरुवातीची काही वर्षे मीही हेच केले. आता माझे मत असे झाले आहे की फवारणीचे बहुतेक निर्णय पाकीट फोडण्याआधीच झालेले असावेत, कारण एकदा पंपात औषध कालवले की माणूस ते कुठेतरी संपवायचेच असे ठरवून टाकतो.

पहिली पायरी: ही बुरशीच आहे का?

हा प्रश्न विचारला तर निम्म्या वेळा फवारणीची गरजच उरत नाही. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखे पांढरे काही चिकटलेले दिसले की लोक त्याला बुरशी म्हणतात. प्रत्यक्षात तो पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग असतो, आणि काडीने उकरल्यास गुलाबीसर मऊ किडे हाताला लागतात. खरी भुरी पानाच्या पृष्ठभागावर पिठी भुरभुरावी तशी सपाट पसरते आणि बोटाने पुसली जाते. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर आला असेल, तर तो बुरशीचाच असतो, पण ती बुरशी मावा किंवा पांढरी माशी यांनी टाकलेल्या चिकट गोड द्रवावर वाढलेली असते. तिथे बुरशीनाशक मारणे व्यर्थ आहे, कीड आवरली की काजळी आपोआप सुकून झडते. मिरचीची पाने आकसून वाटीसारखी झाली असतील, तर तो बोकड्या होय. त्यामागे फुलकिडे, कोळी किंवा विषाणू असतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक होणे हेही विषाणूचे लक्षण आहे, आणि त्यावर बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग नाही.

लिंबावरचा खैरा आणि डाळिंबावरचा तेल्या हे दोन्ही रोग जिवाणूंमुळे होतात. तांबेयुक्त औषधे त्यांना काही प्रमाणात आवर घालतात, बाकीची बुरशीनाशके घालत नाहीत. शंका असल्यास रोगट फांदी कोरड्या कागदात गुंडाळून (प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथे ती घामेजून कुजते) शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्राच्या जाणकारांना दाखवावी, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून विचारावे.

पुण्यात ऋतूनुसार काय अपेक्षित आहे, हे माहीत असल्यास ओळख आणखी सोपी होते. पावसाळ्यात करपा (पानांवर जळाल्यासारखे तपकिरी ठिपके), गुलाबावरचे काळे ठिपके, रोपे कोलमडणे आणि चाफ्याच्या पानांमागची नारिंगी तांबेऱ्याची पूड दिसते. पुरंदरच्या अंजीर बागायतदारांना हैराण करणारा तांबेरा शहरातल्या कुंडीतल्या अंजिरालाही सोडत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दिवस कोरडे, रात्री थंड आणि पहाटे दव असे हवामान असते. तेव्हा भुरीचे राज्य असते, आणि काकडी, दोडका, भोपळा, गुलाब, ढोबळी मिरची यांवर ती हमखास येते. भुरीच्या बीजाणूंना (बुरशीच्या सूक्ष्म बियांना) रुजण्यासाठी पानावर पाणी साचलेले लागत नाही, म्हणून पाऊस संपला की धोका टळला असे समजू नये.

दुसरी पायरी: कात्री आणि हवा

रोगट पाने कापून घराबाहेर काढावीत. कंपोस्टच्या डब्यात टाकू नयेत, कारण घरगुती डबा सगळे बीजाणू मारण्याइतका तापत नाही. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे, टोमॅटोची जमिनीला टेकणारी पाने काढून टाकावीत, पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. पाइपने वरून फवारा मारून पाने धुण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि करपा एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्यात तिचा मोठा हात असतो. गुलाबाची फांदी टोकाकडून काळी पडत खाली येत असेल, तर काळ्या भागाच्या खाली दोन-तीन बोटे हिरव्या लाकडात तिरका काप घ्यावा.

एवढे करून आठवडाभर थांबावे. नवी पाने स्वच्छ येत असतील, तर हा लेख इथेच सोडून दिला तरी चालेल.

तिसरी पायरी: काय मारायचे आणि कशावर मुळीच नाही

बुरशीनाशकांचे दोन ढोबळ प्रकार ध्यानात ठेवावेत. गंधक, कॉपर ऑक्सीक्लोराइड, मॅन्कोझेब ही स्पर्शजन्य औषधे पानाच्या पृष्ठभागावर थर धरून बसतात आणि वर पडलेल्या बीजाणूला रुजू देत नाहीत. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीचे ती फारसे काही करू शकत नाहीत. कार्बेन्डाझिम, हेक्साकोनॅझोल, ॲझॉक्सिस्ट्रोबिन ही आंतरप्रवाही औषधे झाडाच्या पेशींत शिरतात, म्हणून ती रोग आल्यावरही काही काळ कामी येतात. पण ती बुरशीच्या एकाच कार्यावर घाव घालतात, त्यामुळे तेच औषध पुन्हा पुन्हा वापरल्यास बुरशी त्याला सरावते.

घरच्या बागेपुरते माझे धोरण सरळ आहे. खाण्याच्या झाडांवर गरज पडली तर भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक आणि करप्यासाठी तांबेयुक्त औषध, यापलीकडे जायचे नाही. मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम आपल्याकडे शेतीत सर्रास वापरली जातात. तथापि २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा काढला होता, त्यात या दोघांची नावे होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरात युरोपीय संघाने मॅन्कोझेबच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले. चार कुंड्यांतल्या टोमॅटोसाठी हा धोका पत्करावा, असे मला वाटत नाही.

काही झाडांवर मात्र कोणतेही रासायनिक बुरशीनाशक मारू नये. तुळशीची पाने रोज तोंडात जातात. कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा यांना फवारणीनंतर ठरावीक दिवस हात न लावणे घरात कुणालाच जमत नाही, विशेषतः ज्यांना फवारणी झाल्याचे माहीतच नसते त्या मंडळींना. देवाच्या फुलांचेही तसेच, कारण ती वाहण्यापूर्वी हाताळली जातात आणि काही प्रसादाच्या ताटात जातात. अशा झाडांचा रोगट भाग छाटावा, आणि फारच बिघडले तर रोप बदलावे. वीस-तीस रुपयांच्या पुदिन्यासाठी औषध फवारणे हिशेबातही बसत नाही.

भोपळावर्गीय वेलींवरच्या भुरीसाठी एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी हे मिश्रण आठवड्यातून एकदा उन्हात फवारण्याचा उपाय अभ्यासला गेलेला आहे, आणि रोगाच्या सुरुवातीला तो करून पाहण्यासारखा आहे. मातीतून येणाऱ्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा शेणखतात कालवून आधीच द्यावा. ती स्वतः एक जिवंत बुरशी आहे, त्यामुळे त्याच कुंडीत रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केल्यास (म्हणजे ते मुळाशी ओतल्यास) ती मरते.

चौथी पायरी: खरेदी आणि लेबल

एकदा एका रोपवाटिकेत मला पारदर्शक पिशवीत बांधलेली पांढरी पूड मिळाली होती. वर बॉलपेनने फक्त ‘बुरशी’ असे लिहिलेले. औषधाचे नाव नाही, प्रमाण नाही, मुदत नाही. मी ती आणली, अंदाजाने कालवली आणि काकडीवर मारली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा विस्तवाजवळ धरल्यासारख्या करपल्या. ती पूड नेमकी कशाची होती, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि खरी भीती तीच आहे. त्या दिवशी घरातल्या कुणाच्या डोळ्यात ती गेली असती, तर डॉक्टरांना काय सांगितले असते?

कीटकनाशके अधिनियम, १९६८ याच्या कक्षेत बुरशीनाशकेही येतात, आणि लेबल नसलेले सुटे औषध विकण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून, मार्केट यार्डाच्या परिसरात ती बरीच आहेत, सीलबंद आणि मिळेल तितके लहान पाकीट घ्यावे आणि पावती मागावी. पाकिटावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. घरच्या बागेसाठी लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेले काहीही आणू नये. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा मात्र अर्थ नाही. तो एका वेळच्या विषबाधेची तीव्रता सांगतो, वर्षानुवर्षांच्या संपर्काबद्दल काही सांगत नाही.

पाकिटातले घडीपत्रक फेकून देऊ नये. त्यात पिकांची नावे, मात्रा आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस जायला हवेत, हे दिलेले असते. आपले पीक त्या यादीत नसेल, तर ते औषध त्या पिकासाठी नाही, असे समजावे. अक्षर इतके बारीक असते की मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचतो. तोच फोटो पुढे अडीअडचणीला कामी येतो.

पाचवी पायरी: मोजमाप आणि कालवणे

चमचा हे माप नव्हे. एकाच चमच्यात गंधकाची दाणेदार पूड आणि तांब्याची बारीक पूड यांचे वजन वेगवेगळे भरते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा आणि तो स्वयंपाकघरात कधीही नेऊ नये. पाण्यात मिसळणाऱ्या ८० टक्के गंधकाची आणि ५० टक्के कॉपर ऑक्सीक्लोराइडची मात्रा सहसा लिटरला २ ते ३ ग्रॅमच्या आसपास असते, पण हातातल्या पाकिटावर जे लिहिले असेल तेच अंतिम. ‘थोडे जास्त घालू’ या विचाराने रोग लवकर जात नाही, पान मात्र लवकर भाजते.

किती लिटर लागेल, हे आधी साध्या पाण्याने पाहावे. पंपात १ लिटर पाणी भरून ठरवलेल्या झाडांवर मारावे आणि किती उरले ते मोजावे. माझ्या गच्चीवरच्या १८ कुंड्यांना जेमतेम पाऊण लिटर पुरते. एवढेच औषध कालवले, तर उरलेल्याचे काय करायचे हा प्रश्नच येत नाही. त्या दिवशी पाने ओली झाली असतील, तर ती वाळू द्यावीत किंवा फवारणी दुसऱ्या दिवशी करावी.

पूड सरळ पंपात टाकू नये, गुठळ्या होऊन नोझल तुंबते. एका जुन्या मगात थोड्या पाण्यात तिची पातळ पेस्ट करावी, पंपात अर्धे पाणी घ्यावे, पेस्ट फडक्यातून गाळून ओतावी आणि मग उरलेले पाणी घालावे. फवारताना पंप मधूनमधून हलवावा, नाहीतर पूड तळाशी बसते आणि शेवटच्या कुंडीला दुप्पट मात्रा मिळते. हे सगळे मोकळ्या हवेत करावे, मोरीत किंवा ओट्यावर नको. एकाच पंपात दोन औषधे, खत आणि कडुनिंबाचे तेल असे एकत्र कालवू नये. तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे गंधक मारू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या पुढे जात असेल तेव्हाही नाही. पुण्याचा एप्रिल-मे त्यामुळे गंधकासाठी बादच समजावा.

मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ते अनेक जण घरी करतात. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मिलार्दे या शास्त्रज्ञाने ते १८८५ मध्ये पुढे आणले आणि आपल्याकडच्या द्राक्षबागांतही ते वापरले जाते. १ टक्का मिश्रणासाठी १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवावेत. कळीचा चुना पाणी पडताच उकळल्यासारखा तापतो, म्हणून तोंड लांब ठेवावे. विड्याच्या पानाला लावायचा ओला चुना वापरू नये, त्यातल्या पाण्यामुळे वजन फसते. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत सावकाश ओतत लाकडी काठीने ढवळावे. रंग आकाशी निळा येतो. स्वच्छ घासलेले लोखंडी पाते मिनिटभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला, तर तांबे मोकळे आहे, आणि ते पाने जाळते. पाते स्वच्छ निघेपर्यंत चुन्याचे पाणी थोडे थोडे वाढवावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मी ते लिंबू आणि अंजीर यांच्यापुरतेच वापरतो, तेही झाडावर फळे नसताना. मोरचुदाचे निळे खडे दिसायला सुंदर असतात, लहान मुलांना खडीसाखरेसारखे भासतात, आणि पोटात गेल्यास गंभीर विषबाधा होते. ते कुलपातच हवेत.

सहावी पायरी: फवारणीचा दिवस

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधे वेगळी आणि कितीतरी जहाल होती, पण विष शरीरात शिरण्याच्या वाटा त्याच असतात: कातडी, श्वास आणि तोंड. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पॅन्ट, बंद बूट, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद चष्मा आणि नाकातोंडावर एन-९५ मुखपट्टी असावी. सुती पंचा गुंडाळणे पुरेसे नाही, तो ओला झाला की औषध तोंडाशीच धरून ठेवतो.

सकाळी दव वाळल्यावर, वारा पडलेला असताना आणि पुढचे काही तास पावसाची चिन्हे नसताना फवारावे. झाडे फुलोऱ्यात असतील आणि मधमाश्या फिरत असतील, तर संध्याकाळ बरी. सोसायटीत राहणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंना आदल्या दिवशी सांगावे. त्यांचे वाळत घातलेले कपडे, गॅलरीतले पापड आणि उघडी खिडकी यांवर आपला फवारा जाणार असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण बंद आहे ना, ते पाहावे, पक्ष्यांसाठी ठेवलेली पाण्याची वाटी आणि माशांची टाकी हलवावी. तांबे माशांना अतिशय घातक असते. मुले आणि पाळीव प्राणी फवारा पूर्ण वाळेपर्यंत आत ठेवावेत.

नवे औषध असेल, तर दोन-तीन दिवस आधी एखाद-दुसऱ्या पानावर मारून पाहावे. नेचे आणि ऑर्किड यांच्या बाबतीत हे विसरू नये. पिकत आलेली सगळी फळे फवारणीआधी तोडून घ्यावीत. मग वारा पाठीवर घेऊन, मागे मागे सरकत, पानाच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करावी, कारण बरेच रोग तिथेच दडून असतात. पान ओले दिसावे, पण औषध ओघळू लागले की हात थांबवावा. नोझल तुंबल्यास तोंडाने कधीही फुंकू नये. जुना टूथब्रश त्यासाठी बाजूला ठेवावा.

सातवी पायरी: त्यानंतर

पंप तीनदा धुवावा आणि ते पाणी शोभेच्या झाडांच्या मातीत घालावे. मोरीत ओतलेले औषध शेवटी मुठेच्या वाटेलाच लागते. तणनाशकाचा पंप बुरशीनाशकासाठी कधीही वापरू नये. हातमोजे काढण्यापूर्वी साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत आणि अंघोळ करावी. रिकामे पाकीट कापून, कागदात गुंडाळून, वर खूण करून घंटागाडीवाल्यांच्या हाती वेगळे द्यावे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कीडनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरलेले होते. ते सुक्या कचऱ्यात टाकले, तर कचरा वेचणाऱ्या ताईंच्या उघड्या हातांना लागतात. उरलेली पूड मूळ पाकिटातच, कुलपात ठेवावी. शीतपेयाच्या बाटलीत किंवा बरणीत काढून ठेवणे हा घराघरांतल्या विषबाधेचा जुना मार्ग आहे.

फवारलेल्या झाडाला मी लाल चिंधी बांधतो आणि तीवर मार्करने काढणीची पहिली तारीख लिहितो, म्हणजे घरात कुणालाही विचारावे लागत नाही. त्या तारखेनंतर तोडलेले फळही वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे.

डोळ्यात किंवा अंगावर औषध गेल्यास साध्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे. पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, पाकीट सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ आहे. हे दोन्ही क्रमांक आमच्या औषधांच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलेले आहेत.

आठवडा-दहा दिवसांनी पाने उलटून पाहावीत. जुने ठिपके पुसले जात नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून औषध लागू पडले नाही असे ठरवू नये. फवारणीनंतर फुटलेली वरची तीन-चार पाने तेवढी बघावीत. ती स्वच्छ असतील, तर दुसरी फवारणी टाळावी. त्यांवरही ठिपके असतील, तर मात्रा वाढवण्याऐवजी पहिल्या पायरीकडे परत जाऊन रोगाची ओळख पुन्हा पडताळावी.